सोबतीचा रकाना

डॉक्टरांनी दिगंबर नलवड्यांना दोन वर्षं सांगितली, फार तर तीन. हृदयाची झडप जाड झाली होती, फुप्फुसं थकलेली होती आणि बहात्तराव्या वर्षी शस्त्रक्रियेची जोखीम घ्यायला कुणी तयार नव्हतं. नलवडे दवाखान्यातून बाहेर आले, रिक्षात बसले. कृष्णेच्या पुलावर रिक्षा अडकली तेव्हा त्यांच्या मनात विचार आला तो मरणाचा नव्हता. मकरंदच्या फायलीत अजून कोणता कागद राहिलाय, हा होता.

मकरंद त्यांचा मुलगा. वय एक्केचाळीस. जन्मल्यावर तो बराच वेळ रडलाच नव्हता, आणि त्या थोड्या मिनिटांत मेंदूचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं. उजवा हात कोपरात मुडपलेला, एक पाय ओढत चालणं, बोलताना एकेका शब्दासाठी झटापट, आणि वर्षातून एकदोनदा फिट. नलवड्यांची बायको सिंधू सहा वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून मकरंदची अंघोळ, दाढी, जेवण, कपडे सगळं नलवडे एकटेच करत होते. नोकरीत असताना ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. कराड-पाटणच्या डोंगरउतारावरची शेतं मोजण्यात त्यांची तेहेतीस वर्षं गेली. पण त्या उन्हातान्हातल्या वणवणीने ते कधी दमले नव्हते तेवढे या सहा वर्षांत दमले.

पुढची व्यवस्था त्यांनी केव्हाच लावून ठेवली होती. त्यांच्यामागे त्यांचं निवृत्तिवेतन मकरंदला आयुष्यभर मिळणार होतं, कारण तो कमावू शकत नाही असा वैद्यकीय मंडळाचा दाखला होता. त्या वेतनाच्या भरवशावर वाईजवळची एक संस्था त्याला कायमचा ठेवून घ्यायला कबूल होती. एवढ्यात नियम बदलला. जुने दाखले चालतील, पण नवी मोजणी होईपर्यंतच. नवी मोजणी डॉक्टर नव्हे, यंत्र करणार होतं. माणूस दुसऱ्यावर किती विसंबून आहे याचा शंभरपैकी आकडा ते देई. साठच्या वर असला तर वारसाला आयुष्यभर वेतन. साठच्या खाली आला तर काही नाही.

मापन मंडळाकडून तबस्सुम मुल्ला नावाच्या बाई आल्या. पस्तिशीच्या, चपला बाहेर नीट ओळीत काढून ठेवणाऱ्या. त्यांनी मकरंदच्या दंडाला एक पट्टा बांधला, मानेला दुसरा, आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीवर साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी चिकटवली.

"ह्यात कॅमेरा आहे का?" नलवड्यांनी विचारलं.

"नाही काका. ही डबी रेडिओलहरी सोडते, तुमच्या वायफायपेक्षाही मंद. त्या अंगावर आपटून परत येतात. त्यावरून माणूस उभा आहे, बसलाय, श्वास कसा चाललाय, एवढं कळतं. चेहरा दिसत नाही."

"आणि पट्टा?"

मुल्लाबाईंनी टेबलावरचा पेला उचलला. "मी हा उचलायचं ठरवलं की हात हलायच्या थोडं आधी मेंदूकडून स्नायूंना तयारीचा निरोप निघतो. पट्टा तो निरोप वाचतो. म्हणजे आधी इच्छा, मग प्रयत्न, मग काम झालं की नाही, आणि मध्ये दुसऱ्या कुणाचा हात लागला का, असं एकेका हालचालीचं यंत्र चार भागांत निरीक्षण करतं. दिवसाला काही हजार हालचाली. त्यातून आकडा येतो."

"आणि मुद्दाम केलं नाही तर?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना प्रत्येक घरात विचारला जात असावा.

"तेही कळतं. निघालेला निरोप आपण स्वतःच दाबला, तर लगाम खेचल्यासारखी वेगळी खूण उमटते. जमत नाही आणि करत नाही, ह्या दोन गोष्टी यंत्राला वेगळ्या दिसतात. पूर्वी लोक मुलांना शिकवून आणायचे ना मंडळापुढे."

पूर्वीच्या दोन्ही तपासण्यांना नलवड्यांनी स्वतः मकरंदला बाहेरच्या बाकावर बजावलं होतं, की आत गेल्यावर काही बोलायचं नाही. तो बोलला नव्हता. दाखल्यावर पंच्याहत्तर टक्के आले होते.

मोजणी चौदा दिवसांची होती. पहिला आठवडा नेहमीसारखा, नलवडे घरात. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घराबाहेर राहायचं, आणि मंडळाचा प्रशिक्षित मदतनीस मकरंदजवळ थांबणार. त्याने धोका दिसला तरच हात लावायचा.

पहिला आठवडा संपला तेव्हा आकडा होता चौऱ्याहत्तर. नलवड्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मुल्लाबाई मात्र हातातल्या टॅबवर काहीतरी वाचत राहिल्या.

"काका, राग मानू नका. पण यंत्राने एक नोंद केलीय. मकरंदच्या मनात येतं, निरोप निघतो, आणि त्यांचा हात हलायच्या आत तुमचा हात पोचतो. जवळजवळ प्रत्येक वेळी. सरासरी सव्वा सेकंद आधी."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना काय काय जमतं ते अजून कुणी पाहिलेलंच नाही. पुढच्या आठवड्यात दिसेल."

नलवड्यांना हे आरोपासारखं लागलं. ते उठून आत गेले आणि बॅग भरू लागले.

शनिवार पेठेत त्यांची थोरली बहीण वत्सलाक्का राहायची. तिच्याकडे ते आठवडाभर गेले. पहिल्या दिवशी जेवले आणि झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. अक्का दोनदा जवळ येऊन श्वास चाललाय ना ते बघून गेली होती. उठल्यावर त्यांना काही करायचंच नव्हतं. चहा आयता आला. हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

रोज संध्याकाळी फोनवर आकडा येई. पहिल्या दिवशी बहात्तर. मग सदुसष्ट.

"उतरतोय की हा," अक्का म्हणाली.

"उतरणारच. मदतनीस हात लावत नाही."

"अरे, हात लावत नाही तर पोर उपाशी बसायला हवं. आकडा चढायला हवा."

मग पोर खातंय कसं, हे नलवड्यांनाही कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून ते रिक्षा करून विद्यानगरला गेले आणि आपल्या घरासमोरच्या दूध डेअरीच्या पायरीवर बसले. खिडकी उघडी होती. मकरंद पलंगावर बसून शर्ट घालत होता. आधी मुडपलेला हात बाहीत सारला. तो निसटला. पुन्हा सारला. मग डाव्या हाताने मागून शर्ट ओढून घेतला, दाताने कॉलर धरली. पिसे नावाचा पन्नाशीचा मदतनीस भिंतीला टेकून नुसता उभा होता. एका गुंडीला चार मिनिटं लागली. दुसरी चुकीच्या काजात गेली. मकरंदने ती काढली आणि पुन्हा लावली. डेअरीवाला काही विचारत होता, ते नलवड्यांच्या कानात शिरलं नाही. चारही गुंड्या झाल्यावर मकरंदने मान वर केली आणि पिसेंकडे पाहिलं, आणि पिसेंनी नुसती मान डोलावली.

नलवड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे सिंधूने बघायला हवं होतं असं एकीकडे वाटलं. दुसरीकडे वाटलं, आज आकडा किती खाली जाईल.

त्या दिवशी त्रेसष्ट झाला. दुसऱ्या दिवशी एकसष्ट.

"उद्या साठच्या खाली," नलवडे ताट बाजूला सारत म्हणाले. "शर्ट घातला, स्वतः जेवला, नळ बंद केला. एवढ्यासाठी त्याचं वेतन जाणार. शर्ट घालता आला म्हणजे नोकरी करता येते काय?"

अक्का सत्त्याहत्तर वर्षांची होती. तिने आयुष्यात आडवळणाने बोलायचा कंटाळा केला होता.

"फोन लाव त्याला. म्हणावं, गप बस तीन दिवस."

"यंत्राला कळतं ते."

"कळू दे. तू गेल्यावर त्याने रस्त्यावर बसण्यापेक्षा आत्ता तीन दिवस पलंगावर बसलेलं काय वाईट? तू बाप आहेस ना त्याचा?"

नलवड्यांनी फोन लावला. पिसेंनी मकरंदच्या हातात दिला.

"मकू, ऐक. बाबा सांगतोय. शर्ट नको घालूस. जेवण नको हाताने घेऊस. नुसता बस. मी येईपर्यंत."

पलीकडे बराच वेळ श्वास ऐकू येत होता.

"मी... घातला," मकरंद म्हणाला. "चार."

"हो रे. चार गुंड्या. मला माहीत आहे. पण आता नको. बस."

"बस," मकरंद म्हणाला.

पुढचे दोन दिवस आकडा एकसष्टावरच थांबला. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी मुल्लाबाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण कोरडा होता.

"काका, दोन दिवसांत दोनशे दहा वेळा लगामाची खूण आलीय. त्यांना कुणीतरी करू नको म्हणून सांगितलंय."

नलवड्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी विचारत नाही कुणी ते. नियम तेवढा सांगते. ह्या नोंदी संशयित म्हणून बाजूला पडल्यात. उद्या दुपारी बारापर्यंत हे असंच राहिलं तर मोजणी बाद होईल आणि वर्षभराने पुन्हा लागेल. उद्या बाराच्या आत त्यांनी त्यातली कामं पुन्हा स्वतः केली, तर सगळ्या संशयित नोंदी 'जमतं' ह्या बाजूला जातील आणि आकडा उतरेल."

"बाद झाली तर तोपर्यंत जुना दाखला चालू राहतो?"

"राहतो."

"आणि मधल्या काळात मी गेलो तर?"

"तर जुन्या दाखल्यावर वेतन मंजूर होईल. आयुष्यभर. मग पुन्हा मोजणी नाही."

फोन ठेवल्यावर नलवडे गॅलरीत खुर्ची टाकून बसले. वर्षभरात आपण मरायचं, एवढंच उरलं होतं. डॉक्टरांनी दोन म्हटली होती, पण औषधं बंद केली तर एकात भागलं असतं. त्यांना हसू आलं. आयुष्यभर लोकांच्या भांडणात ते सांगत आले होते की हद्द असते तिथेच असते, तुमच्या सोयीने सरकत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला ते घरी पोचले. बारापर्यंत त्यांनी हात लावायचा नाही, पण घरात यायला परवानगी होती. मुल्लाबाई आणि पिसे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मकरंद पलंगावर उघडाच बसला होता. थंडी नव्हती, पण त्याच्या दंडावर काटा आला होता. शर्ट घडी करून मांडीवर ठेवलेला. गेले दोन दिवस तो असाच बसून होता, पिसेंनी घास भरवला तरच खात होता आणि शर्टाकडे बघत होता.

बापाला पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याने शर्ट उचलून दाखवला.

"बाबा," तो म्हणाला. मग शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "आता... करू?"

नलवड्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. दोन तास आहेत हे त्यांना ठाऊक होतं. 'थोडं थांब' एवढेच दोन शब्द पुरले असते. त्यांच्या पोराने चाळीस वर्षं थांबण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. आधी बापाचा हात आडवा येत होता, आणि आता बापाचा शब्द.

"कर," ते म्हणाले. "कर बाळा. माझं चुकलं."

मकरंद शर्ट घालायला लागला. नलवडे समोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

बारा वाजता आकडा आला अठ्ठावन्न.

मुल्लाबाई पट्टे सोडत होत्या. डब्या उतरवायला पिसे स्टुलावर चढले. नलवडे त्यांच्याकडे बघत होते. दमल्यामुळे असेल, पण डोकं अचानक स्वच्छ झालं होतं.

"पिसे, ह्या आठवड्यात तुम्ही किती वेळा हात लावलात?"

"भरवलेले घास सोडून अकरा वेळा, काका. एकदा गॅस त्यांनी चालू करून ठेवला होता. एकदा घास अडकला."

"आणि घराबाहेर किती वेळा गेलात?"

"गेलो नाही. माझा बदली माणूस आल्याशिवाय हलायचं नाही असा नियमच आहे."

नलवडे मुल्लाबाईंकडे वळले. "हात लावला त्या अकरा वेळा तुमच्या यंत्राने मोजल्या. आणि हात न लावता हे सात दिवस नुसते उभे राहिले, ते कुठल्या रकान्यात आहे?"

"तो रकाना नाही, काका. यंत्र मदत मोजतं."

"मग उद्या ह्यांना बाहेर काढून मोजा. घरात मकरंद एकटा. आठवडाभर."

"तसं करता येणार नाही. जिवाला धोका आहे."

"हेच लिहा की मग," नलवडे म्हणाले. त्यांना धाप लागली होती, पण ते थांबले नाहीत. "मी तेहेतीस वर्षं मोजणी केली बाई. शेत बरोबर मोजायचं, विहीर दाखवायची, बांध दाखवायचा, आणि शेतात जायची वाटच नकाशावर काढायची नाही, तर तो नकाशा खोटा नसतो. पण त्या माणसाला शेतात पाऊल टाकता येत नाही. तुमचा अठ्ठावन्न आकडा खरा आहे. माझं त्याच्याशी भांडण नाही. तो जेवतो, शर्ट घालतो, मी चाळीस वर्षं बघितलं नाही ते तुम्ही दाखवलंत. पण हे सगळं तो करतो ते दाराशी कुणीतरी उभं आहे तोवर. ते उभं राहणं मोजा."

मुल्लाबाईंनी पट्टा गुंडाळून ठेवला. मग म्हणाल्या, "हरकत लिहून द्या. मी माझा अभिप्राय जोडते. फोनचंही मला लिहावं लागेल काका, ते सोडता येणार नाही."

"लिहा. मीच सांगितलं होतं त्याला."

हरकत अर्ज चार महिने मंडळात पडून राहिला. त्या काळात नलवडे सकाळी उठत आणि बसून राहत. दाढी करायला मकरंदला पाऊण तास लागे. हनुवटीखाली कापून घेई. भात टेबलभर होई. बसून बघणं हे करण्यापेक्षा जास्त थकवणारं होतं, असं त्यांनी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "मग कर की तू." ते म्हणाले, "नाही."

पाचव्या महिन्यात पत्र आलं. मकरंदसारख्या तीनशे नऊ हरकती राज्यभरातून आल्या होत्या. मंडळाने पूर्वीच्या मोजण्या पुन्हा चाळल्या होत्या आणि मदतनीस किती तास नुसता हजर होता याचे आकडे डब्यांच्या नोंदीतच सापडले होते. ते कुणी कधी वाचले नव्हते इतकंच. आकडा अठ्ठावन्नच कायम होता. पण त्यापुढे 'सोबत' असा नवा रकाना जोडला होता आणि त्यात लिहिलं होतं, अखंड आवश्यक. वेतन मंजूर. मात्र दर तीन वर्षांनी फेरमोजणी. खोट्या वर्तनाला उद्युक्त केल्याबद्दल अर्जदाराला लेखी ताकीद. आणि शिफारस अशी, की वारसाला वाईच्या संस्थेत पलंगावर ठेवू नये, तर सोबत-घरात ठेवावं. अशा घरात पाच जण राहत, आपापली कामं आपण करत, आणि एक मदतनीस कायम हजर असे.

नलवड्यांनी पत्र दोनदा वाचलं. तीन वर्षांनी जी मोजणी होईल तिला आपण नसू हे त्यांना कळत होतं. तेव्हा मकरंदला काय कर आणि काय करू नको, हे सांगणारं कुणी नसेल. हे भलं की वाईट ते त्यांना ठरवता येईना.

सोबत-घर ओगलेवाडीच्या पुढे होतं. आपण गेल्यावर त्याला तिथे नेतील, असंच आधी त्यांच्या मनात होतं. मग एके दिवशी त्यांनी ठरवलं की आपण असतानाच न्यायचं. जिवंत बापाला सोडून जाणं बाप मेल्यावर तिथे जाण्यापेक्षा सोपं असेल, एवढाच हिशेब होता. अक्का महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

पहिला आठवडा मकरंद रडला. दुसऱ्या आठवड्यात त्याला एक फिट आली आणि तिथल्या बाईंनी ती सांभाळली. नलवड्यांना फोन आला तो सगळं निवळल्यावर. ते फोन धरून उभे राहिले आणि पलीकडून बाई 'काळजी करू नका' म्हणत होत्या, आणि मकरंदच्या फिटच्या वेळी पहिल्यांदाच त्यांना करण्यासारखं काही नव्हतं.

दर रविवारी ते भेटायला जात. सहाव्या रविवारी ते पोचले तेव्हा मागच्या अंगणात पाचही जण गोल बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मकरंद डाव्या हाताने शेंग फरशीवर दाबायचा आणि दाणे पुढ्यातल्या परातीत टाकायचा. निम्मे बाहेर पडत होते. त्याच्या शेजारी एक जाडसर बाई बसली होती, तिला दिसत नव्हतं. ती चाचपून बाहेरचे दाणे गोळा करत होती आणि त्याला काहीतरी सांगत होती, आणि मकरंद हसत होता.

"मकू," नलवड्यांनी हाक मारली.

मकरंदने वर पाहिलं. तो उठेल म्हणून नलवडे थांबले. तो उठला नाही. त्याने पुढ्यातल्या ढिगाकडे पाहिलं, अजून बऱ्याच शेंगा होत्या.

"बाबा, बसा," तो म्हणाला. "मी... येतो."

भिंतीला लागून एक बाक होता. नलवडे जाऊन बसले. ऊन कोवळं होतं. शेंगा फुटण्याचा आवाज येत होता आणि मधूनच कुणीतरी हसत होतं. थोड्या वेळाने त्यांची मान भिंतीला टेकली आणि डोळा लागला. मकरंद काम आटोपून आला तेव्हा ते गाढ झोपले होते. त्याने त्यांना उठवलं नाही. तो शेजारी बसून राहिला.